थंड गिअरबॉक्स आणि गरम पापलेट

आजवर मी एकाच जिवाचे प्राण वाचवले आहेत, आणि तो जीव म्हणजे दादाच्या गाडीचा गिअरबॉक्स.

दादाचा साखरपुडा जव्हारला होता. मुलीचे वडील मूळचे आमच्या तारापूरकडचेच, पण दुकान थाटून डोंगरावर स्थायिक झालेले. ताज्या मासळीचं नाव काढलं की ते फोनवरच उसासे टाकायचे. आमच्या बाबांनी (उभा जन्म बोटीवर गेलेला माणूस, छाती फुगणारच!) शब्द देऊन टाकला, "भात तुमचा, मासळी आमची!" झालं! त्यांनी अख्खी गल्ली जेवायला बोलावली. आता दुपारच्या पंगतीला पापलेट पोचलं नाही, तर बाबांचं नाक भर जव्हारात कापलं जाणार होतं.

पेट्या बर्फात भरल्या आणि मी टेम्पोवाल्याला फोन लावला.

"ताई, टेम्पो बंद हाय."

"अरे, घरचं कार्य आहे!"

"संप हाय ना! पत्रक तुमीच लिवलंय. 'नाशवंत मालालाही सवलत नाही!' लाल अक्षरात हाय."

होतं. संघटनेची पत्रकं मीच लिहिते, आणि लाल रंगाचा आग्रहही माझाच होता.

मग बाबांची जाळी वाहायची दोनचाकी ट्रॉली दादाच्या सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडीमागे जोडायचं ठरलं. बोईसरच्या वेल्डरने हूक ठोकून दिला आणि शंका काढली, "मॅडम, घाट चढेगी क्या?" मी म्हटलं, "इच्छाशक्ती असली की सगळं चढतं!" त्या बिचाऱ्याने हूकला आणखी एक टाका मारला.

चालवायला मीच बसले. दादा नवरदेव, त्याच्या सुटाला सुरकुती नको. बाबांना फक्त बोट चालवता येते. आणि मंदाआत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, ती गाडीऐवजी माणसं चालवते.

विक्रमगड सुटलं, पुढे चढ लागला. मे महिना, एसी फुल्ल, मागे पापलेटांचं ओझं. गाडी कण्हायला लागली. मग समोर लाल दिवा पेटला आणि करपल्याचा वास आला.

"कोन सुकट भाजतंय गो?" आत्याने नाक वर केलं.

"आत्या, गिअरचं तेल तापलंय!" मी म्हटलं, आणि तशातही माझ्यातली कार्यकर्ती जागी झाली. "बघा! पुढून इंजिन हुकूम सोडतं, मागून ट्रॉली खेचते, आणि मधल्यामध्ये तापतो कोण? गिअरबॉक्स! कंत्राटी कामगाराचंही असंच आहे!"

"भाषन मागून दे," बाबा म्हणाले. "आता काय करायचा ता सांग!"

मला सगळं माहीत होतं. (व्हिडिओ पाहिला होता.) गिअर खालचा टाकायचा, एसी बंद करायचा आणि हीटर लावायचा! आतली उष्णता गाडीत ओढून घेतली की यंत्राला तेवढाच दिलासा.

"मे महिन्यात हीटर?" दादा किंचाळला.

"थोडा त्याग कर!"

त्याने केला. कपाळावरचं गंध ओघळून नाकाच्या शेंड्याशी आलं. आत्याचा गजरा अंबाड्यातच शिजला. "पोरी, तुजा गिअर वाचल, पन आत्या जाईल!"

शेवटी सावली बघून गाडी उभी केली. ती मागे घरंगळू नये म्हणून नवरदेव हातात धोंडा घेऊन धावला. शेजारून एसटी गेली, तिच्या खिडकीतून कोणीतरी ओरडलं, "धोंडा कुनाच्या डोक्यात घालतंस रं? आधी लगीन तर कर!"

तोवर आत्याने पेटी उघडून मूठभर बर्फ डोक्यावर ठेवला होता. दादाने बर्फ सुटाच्या आत सोडला. लाल दिवा मात्र हटेना. मग मला ती कल्पना सुचली.

"बर्फ आणा! बॉनेटवर ओता!"

बाबा पेटीवर आडवे पडले. "नाय! मासळीचा बरफ हाय तो! मासळीचा जीव हाय त्यात!"

"मासळी कधीच मेली बाबा! आधी यंत्र वाचलं पाहिजे, बाकीचं नंतर!"

(हेच वाक्य बोईसरच्या एखाद्या कारखानदाराने उच्चारलं असतं, तर मी गेटवर सभा घेतली असती.)

पेट्यांमागून पेट्या रिकाम्या झाल्या. बॉनेटमधून वाफेचे लोट उठले, पाणी रस्त्याला लागलं, आणि बर्फाबरोबर आलेलं एक पापलेट काचेला चिकटून माझ्याकडे एकटक बघत राहिलं. थोड्या वेळाने दिवा विझला. मी मूठ वर करून घोषणा दिली. गिअरबॉक्स गाडीच्या पोटात असतो, वरच्या बर्फाचा त्याला पत्ताही नव्हता, आणि दिवा नुसतं उभं राहिल्यामुळे विझला, हे मला मागाहून कळलं. पण काही न करता गप्प उभं राहायला आमच्या चळवळीत शिकवत नाहीत!

पुढचा घाट गाडी शहाण्यासारखी चढली. मागे बिनबर्फाची मासळी मे महिन्याचं ऊन खात होती.

मुलीचे वडील दारातच उभे होते. पेटीचं झाकण निघताच त्यांनी समुद्राचा वास घ्यायला डोळे मिटले. लगेच उघडले. गल्लीतली मांजरं पुढे सरकली, पाहुणे मागे.

पंगतीत आमटी-भात आला. एका आजोबांनी मोठ्याने विचारलं, "मासळी कुठाय?"

"त्या गिअरबॉक्सला विचारा," आत्या म्हणाली. "तो मस्त थंड हाय."

बाबांनी मान खाली घातली ती वर येईना. तेवढ्यात नवरी मुलगी, मयुरी, वाढायला आली. तिने बाबांच्या पानात भात वाढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाबा, मी काय पापलेटाला हो म्हटलेलं नाही. जेवा तुम्ही." बाबांच्या चेहऱ्यावर रंग आला. मग तिने विचारलं, "पण गाडी आणली कोणी?"

"मी!" मी छाती पुढे काढून म्हटलं. जबाबदारी झटकणाऱ्यांतली मी नाही.

"मग लग्नाला नवरदेवाला एसटीने पाठवा. आणि वन्संना बर्फात घालून आणा, पोचेपर्यंत टिकल्या पाहिजेत."

अख्ख्या पंगतीने टाळ्या वाजवल्या. बाबांनीसुद्धा! एवढ्या सभा घेतल्या मी, पण इतका एकमुखी ठराव माझ्या उपस्थितीत आजवर कधी मंजूर झाला नव्हता.