उन्हात पारखलेला मॉनिटर

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा हिंगणघाटच्या आमच्या जिनिंग सोसायटीत कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. त्याच्यासमोर दिवसभर बसणार होते मी, पण मॉनिटर पसंत करायला नागपूरला निघाले अध्यक्ष आणि कापसाची प्रत ठरवणारे आमचे ग्रेडरकाका. जीपमध्ये मागे जागा होती. "चाल बाई तूबी," अध्यक्ष म्हणाले. एवढंच माझं आमंत्रण.

मला मात्र त्या खरेदीचा घोर लागला होता. कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये मी हिरव्या अक्षरांच्या पडद्यापुढे बसले होते. डोकं ठणकायचं, आणि वर घरी आल्यावर पांढरा भात गुलाबी दिसायचा. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी चष्मा दिला, तरी ठणका काही गेला नाही. पिवळसर अक्षरांचा मॉनिटरही मिळतो, हे मला क्लासमध्येच कळलं होतं. हिरवा आला तर हे काम माझ्याच्याने होणार नव्हतं, आणि काम तर मला सोडायचं नव्हतं. पण मोठ्या माणसांपुढे आपणहून तोंड उघडायची मला सवय नव्हती. सगळा राग मी वाटेत जाम गावाला थांबलो तिथल्या चहावर काढला. चहाला नावं ठेवली, भज्यांना ठेवली, बिचाऱ्या भजीवाल्यालाही सोडलं नाही.

नागपूरच्या बर्डी बाजारातल्या दुकानदाराने दोन्ही मॉनिटर शेजारी शेजारी मांडले. अध्यक्षांनी एकदाच पाहिलं.

"हिरवाच घ्या. वावर पाह्यल्यासारखं वाटते."

तेवढ्यात ग्रेडरकाका म्हणाले, "बाहेर काढा."

काकांनी बल्बच्या उजेडात जन्मात कधी कापूस पास केला नव्हता. मूठभर कापूस घ्यायचा, उन्हात यायचं, धागा ओढून पाहायचा, मगच बोलायचं. मुलीच्या लग्नाच्या साड्याही त्यांनी दुकानाच्या पायरीवर आणवून पसंत केल्या होत्या.

"भाऊ, ये धूप में देखने की चीज नहीं है," दुकानदार काकुळतीला आला.

"काऊन? काही लपवून राह्यले काय?"

वायरी ताणून दोन्ही मॉनिटर पायरीवर आले. वर नागपूरचं ऊन. दोन्ही पडदे काळे ठिक्कर, अक्षराचा मागमूस नाही. येणारेजाणारे थांबून पाहू लागले. काकांनी दोन्हींवरून हात फिरवला, निकाल दिला, "दोनीबी नापास," आणि जीपकडे चालू लागले.

आता मात्र मला राहवेना. "भाऊ, तुमचा दुपट्टा द्या जरा," मी अध्यक्षांना म्हटलं. त्यांनी चकित होऊन खांद्यावरचा दुपट्टा काढून दिला. मी तो हिरव्या मॉनिटरवर टाकला आणि आत डोकं घातलं. मग तोच पिवळ्यावर टाकून पुन्हा घातलं. आत अंधार होता, तंबाखूचा वास होता, आणि पिवळी अक्षरं समईच्या वातीसारखी शांत दिसत होती. मला रडूच आलं.

बाहेरून अध्यक्षांचा आवाज आला, "काय दिसून राह्यलं, बाई?"

कोणी तरी एकदाचं विचारलं होतं. मी आतूनच बोलले. तोंड दिसत नव्हतं म्हणून धीर आला असेल. "पिवळा चांगला हाय, भाऊ. हिरव्यानं माझं डोकं दुखते. अन् तो पाहून उठलं का पांढरं गुलाबी दिसते."

"पांढरं म्हंजे? कापूसबी?" हा ग्रेडरकाकांचा आवाज. ते जीपपासून परत आले होते.

"कापूसबी."

डोकेदुखीचं कोणाला फारसं काही वाटलं नसावं, पण पांढरा कापूस गुलाबी दिसणं हे सोसायटीवरचं संकट होतं.

"मंग तो हिरवा दारातबी नाई पाह्यजे," काका म्हणाले.

पिवळा मॉनिटर घेऊन आम्ही परतलो. येताना जामचा चहा फार चांगला लागला. ऑफिसात काकांनी मॉनिटरला जागा दिली ती थेट खिडकीत, भर उन्हात. वस्तू जिथं पारखायची तिथंच ती राहिली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी वाद घातला नाही. दुपट्टा माझ्याकडेच राहिला होता. कापूस घेऊन आलेले लोक विचारायचे, "बाई फोटो काढून राह्यली काय?" मी दुपट्ट्याखाली मजेत होते.

पुढे दुसरा मॉनिटर घ्यायची वेळ आली. त्याच दुकानाच्या त्याच पायरीवर आम्ही उभे होतो. दुकानदाराने या वेळी न सांगताच वायरी ताणल्या. काका पुढे सरसावले, तर अध्यक्षांनी त्यांना हाताने थांबवलं, खांद्यावरचा नवा दुपट्टा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पह्यले बाईले पाहू द्या."