निकाल पाचला, खिडकी एकला

शाळेच्या कचेरीला एक खिडकी आहे आणि त्या खिडकीमागे एकोणीस वर्षं एकच बाई बसतात. मुलं त्यांना कागदबाई म्हणतात. कॉलेजचा अर्ज मुलांनी भरायचा; पण गुणपत्रक आणि शिक्षकांची शिफारसपत्रं शाळेनं परस्पर पाठवायची, असा दंडक आहे. ती पाठवतात कागदबाई. मुलानं चिठ्ठीवर कॉलेजांची नावं लिहून खाली सही केली तरच. सही नाही तर कागद नाहीत.

डिसेंबर हा त्यांचा हंगाम. काही कॉलेजं लवकर अर्ज घेतात. तो एकाच ठिकाणी करायचा आणि घेतलंत तर येईनच, असं लिहून द्यायचं. त्याचा निकाल सुट्टीआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचला लागतो. बाकीच्या कॉलेजांची मुदत एक जानेवारी. शाळा मात्र त्याच शुक्रवारी दुपारी एकला बंद होते ती तीन जानेवारीला उघडते. म्हणजे आधी निकाल बघू, मग दुसरीकडे कागद पाठवू, असं म्हणणारा दोन्हीकडून गेला. हे वेळापत्रक कुणी आखलं ते ठाऊक नाही. त्याला मुलंबाळं नसावीत.

दर वर्षी कुणीतरी पालक एक वाजून पाच मिनिटांनी धापा टाकत येतोच.

"पाच मिनिटांनी काय आभाळ कोसळणार आहे, बाई?"

"म्हातारी मेल्याचं दुःख नाही हो, काळ सोकावतो," म्हणून कागदबाई खिडकी लावून घेतात.

यंदा चिठ्ठी न देणारी मुलगी त्यांच्याच घरात राहत होती. तिला समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करायचा होता. समुद्र घरापासून दीड दिवसाच्या प्रवासावर, आणि तिनं लवकर अर्ज केलेलं कॉलेज त्याच्या काठावर.

"सात नावं लिही आणि सही कर," शुक्रवारी सकाळी कागदबाई म्हणाल्या. "दोन मिनिटांचं काम."

"नको. मनात दुसरं ठेवलं की पहिलं मिळत नाही."

"अगं, कॉलेज आहे ते, लग्न नव्हे."

"घेतलं तर येईनच, असं लिहून दिलंय मी. लग्नात तरी कुठे इतकं पक्कं असतं?"

वडील पेपरामागे हसले. दोन्ही बाजूंनी एकेक नजर आल्यावर पुन्हा पेपरात शिरले.

त्या दिवशी कागदबाईंचं बूड खुर्चीला टेकेना. टाचलेले कागद त्यांनी पुन्हा टाचले. दोनदा जाऊन जिन्यात डोकावल्या. पाऊण वाजता प्रयोगशाळेच्या काचेतून मुलगी दिसली. ती शांतपणे परीक्षानळी धूत होती, आणि ती शांतता बघून बाईंचा जीव अधिकच वरखाली झाला. एकला पाच मिनिटं असताना त्यांनी एक कोरी चिठ्ठी ओढली, सात नावं लिहिली आणि सहीच्या जागी स्वतःची सही ठोकली. मुलीची खोटी सही करण्याइतक्या त्या घसरल्या नव्हत्या. दोन मिनिटांत सातही ठिकाणी कागद गेले. एकोणीस वर्षं राखलेलं शेत कुंपणानंच खाल्लं.

मग एक वाजून चार मिनिटांनी आलेल्या एका वडिलांना त्यांनी नियम सांगून परत पाठवलं.

पाच वाजता घरात तिघंही मुलीच्या खोलीत उभी होती. पान उघडायला सात मिनिटं लागली. कॉलेजनं हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. अर्ज पुन्हा सगळ्यांबरोबर विचारात घेऊ, मार्चअखेर कळवू, तोवर आपण इतरत्र अर्ज करायला मोकळ्या आहात.

"म्हणजे पास की नापास?" वडिलांनी विचारलं.

"म्हणजे थांबा," मुलगी म्हणाली. मग घड्याळाकडे बघून हळूच म्हणाली, "बोल, आई. आता बोल काय बोलायचं ते. खिडकी तर बंद झाली."

"मी पाठवलेत."

"काय?"

बाईंनी पर्समधून चिठ्ठी काढून दिली. मुलीनं ती दोनदा वाचली.

"ही सातही घरापासून तासाभरावर आहेत."

"चांगली आहेत."

"यातल्या एकातही समुद्र नाही."

"एकात मासे आहेत."

"ते मत्स्यपालन आहे, आई. तळ्यातलं! मी अजून निघालेसुद्धा नाही, आणि तू मला जेवायला परत बोलावलंस."

"घाईत पाठ होती ती नावं लिहिली," बाई म्हणाल्या. ते खरंच होतं. लांबची नावंही त्यांना तितकीच पाठ होती, हे त्यांनी सांगितलं नाही. मग त्यांनी कचेरीची किल्ली घेतली.

"चल. तुझी तू लिही."

"अगं, पण एकनंतर तू तर—" वडील म्हणाले.

"तुम्ही पेपर वाचा."

"तो सकाळीच वाचून झालाय."

वाटेत बाईंनी दुपारच्या त्या वडिलांना फोन केला. मुलाची चिठ्ठी घेऊन लगेच या म्हणाल्या.

"का हो, आभाळ कोसळलं का?" त्यांनी विचारलं.

"थोडंसं," बाई म्हणाल्या.

कचेरीत दिवा लावून त्या आपल्या जागी बसल्या. मुलगी सवयीनं खिडकीबाहेर उभी राहिली. तिनं पाच नावं लिहिली, सही केली आणि चिठ्ठी आत सरकवली.

"हे पहिलं कुठे आलं?"

"समुद्राकाठी. पाचही समुद्राकाठीच आहेत."

पहिले चार पटापट गेले. पाचव्यावर हात थांबला.

"हे किती लांब?"

"गाडीनं दोन दिवस."

"थंडी पडते?"

"खूप. आई, पाठव ना."

"पाठवते. संगणक हळू चालतोय."

संगणक चांगला चालत होता. बाईंनी बटण दाबलं आणि पडद्यावर 'पाठवले' असं उमटेपर्यंत डोळे हलवले नाहीत.

"गेलं," त्या म्हणाल्या. "आता पंधरा दिवस मान मोडून अर्ज लिहीत बस."

"आणि तुझी ती सात?"

कागदबाईंनी चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"त्यातलं एखादं तरी लिही," त्या म्हणाल्या. "तळ्यातलं नको."