पसंतीक्रमात मामाचा मान

माझ्या चुलत बहिणीला इंजिनिअरिंगच्या पहिल्याच फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं, आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. फॉर्म मी भरला होता.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माण तालुक्यातल्या आमच्या गावातून सांगलीला आले, विश्रामबागेत तीन मुलींबरोबर खोली घेतली आणि दुसऱ्या वर्षाला पोहोचेपर्यंत गावात शिक्षणतज्ज्ञ झाले! कुणाचा दाखला हरवला, मला फोन. कुणाच्या पोराला गणित नको झालं, मला फोन. आमच्या आप्पांनी (थोरले चुलते, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त) तर टीव्हीचा रिमोट चालेना म्हणून फोन केला.

"आशे, तू इंजिनेर हायस न्हवं? हे चालंना बग."

मी सेल बदलायला सांगितले. रिमोट चालला. त्या दिवसापासून माझ्या शब्दाला जे वजन आलं, ते मला पेलणारं नव्हतं. पण हे मी कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी ती चुलत बहीण, स्वाती, बारावी झाली. प्रवेश परीक्षेत तिला चांगले मार्क पडले. तिला पुण्यातल्या एका मोठ्या कॉलेजात कॉम्प्युटर हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, आठवीपासून हवं होतं. त्या कॉलेजची गेल्या वर्षीची कट-ऑफ तिने वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवली होती आणि तिचे मार्क त्याहून थोडे वर होते.

"ताई, फॉर्म तूच भर. तू तुझा भरलायस ना?"

"हो," मी म्हणाले.

इथे एक कबुली द्यायला हवी. माझा फॉर्म मी भरलाच नव्हता! तो दहिवडीच्या नेट कॅफेतल्या एका दादांनी भरला. मी शेजारी स्टुलावर बसून होते. त्या सगळ्या प्रक्रियेत माझं योगदान म्हणजे ओटीपी सांगणं. (तोही एकदा चुकीचा सांगितला.) पण रिमोट चालू करून दाखवलेल्या माणसाला 'मला माहीत नाही' म्हणणं फार जड जातं.

फॉर्म भरायच्या दिवशी मी मैत्रिणीचा लॅपटॉप घेऊन गावी गेले. घराच्या पुढच्या सोप्यात सतरंजी अंथरली होती. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. आणि साताऱ्याजवळच्या गावाहून स्वातीचे मामा खास जीप घेऊन आले होते.

मामांविषयी थोडं सांगितलं पाहिजे. काकूंचा, म्हणजे स्वातीच्या आईचा, हा एकुलता एक भाऊ. माणूस सोन्यासारखा, पण मानाच्या बाबतीत हळवा. स्वातीच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात पत्रिकेत मामांचं नाव चुकून तिसऱ्या ओळीत छापलं गेलं. मामा आले, आहेर ठेवला आणि पाणीसुद्धा न पिता बाहेर जीपमध्ये जाऊन बसले! मंगलाष्टकं सुरू झाली, नवरीच्या पाठीशी मामा उभा पाहिजे, आणि मामा जीपमध्ये! शेवटी आप्पांनी हाताला धरून ओढत आणलं. तेव्हापासून काकूंना कुठलीही यादी दिसली की घाम फुटायचा.

तर या मामांच्या गोठ्यासमोर चार-पाच वर्षांपूर्वी एक इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं होतं.

"लय झाक कालेज हाय," मामा सांगत होते. "म्हशीची धार काढता काढता दिसतंय. भाची घरात ऱ्हाईल, डबा घरचा. आन शिव्हिल घे म्हनावं. मला वरचा मजला बांधायचाच हाय."

काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि माझा हात घट्ट धरला.

"आशू, तेवढं दादाचं कालेज वर घाल गं. खाली घातलंस तर परत जीपमदी जाऊन बसंल."

"घालते की, काकू! वर-खाली केल्यानं काही होत नाही. कॉम्प्युटर मार्क बघतो आणि यादीतलं सगळ्यात भारी कॉलेज देतो."

हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही! ते माझं मलाच तिथल्या तिथे सुचलं, आणि ऐकायला इतकं बरोबर वाटलं की माझाही विश्वास बसला.

मग यादी सुरू झाली. पहिला मान मामांचा, सिव्हिलसकट. दुसरा आप्पांचा. कराडकडच्या एका कॉलेजच्या गेटवर त्यांच्या पलटणीतला मित्र पहारेकरी होता. ("वळख हाय आपली, पार आतपातूर!") तिसरा आत्याचा. ती हजर नव्हती, म्हणून तर जास्तच जपायला हवं होतं. असं करत करत दहा ओळी भरल्या. लग्नपत्रिकेत घरचे लोक सगळ्यात शेवटी 'आपले नम्र' म्हणून येतात, तसं स्वातीचं पुण्याचं कॉलेज अकराव्या ओळीत हात जोडून उभं राहिलं.

"ताई," स्वाती हळूच म्हणाली, "वर 'पसंतीक्रम' लिहिलंय. क्रमानं खरंच काही होत नाही?"

"अगं, तशी लिहायची पद्धत असते."

"सूचना पण आहेत. वाचू का?"

"चौदा पानं आहेत ती. पोहे गार होतील!"

"ताईवर इस्वास ठेव की गं!" मामा म्हणाले.

तिने ठेवला. मी बटण दाबलं. या वेळी ओटीपीसुद्धा बरोबर होता.

पहिल्या फेरीची यादी लागली त्या दिवशी मी गावातच होते. स्वातीच्या फोनवर अभिनंदनाचा मेसेज आला. पहिल्या पसंतीची जागा मिळाली! मामांना फोन गेला आणि दोन तासांत मामा पेढ्यांसकट दारात.

"पयल्या झटक्यात पयला नंबर! आमची भाची हाय!"

काकू आनंदाने रडायला लागल्या. आप्पांनी मला चक्क सॅल्यूट ठोकला. या गोंधळात स्वाती कोपऱ्यात बसून पुण्याच्या कॉलेजची यादी उघडत होती. तिने फोन माझ्यासमोर धरला. शेवटच्या मुलाचे मार्क तिच्यापेक्षा कमी होते. माझ्या तोंडात पेढा होता. तो गिळताही येईना आणि थुंकताही.

दुसऱ्या दिवशी स्वाती, आप्पा आणि मी साताऱ्याच्या प्रवेश सुविधा केंद्रावर गेलो. मामांच्याच जीपमधून! (कागद तपासायचे आहेत असं त्यांना सांगितलं होतं.) खिडकीपलीकडे एक मॅडम होत्या. मामा बरोबर माझ्या पाठीशी उभे होते, लग्नात उभे राहतात तसे.

"मॅडम, ही जागा नको आहे," मी पुटपुटले.

"जोरात बोला, ऐकू येत नाही."

"ही जागा नको आहे!"

सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"पहिली पसंती कुणी दिली होती?"

"मीच."

"मग तीच मिळाली की! तक्रार काय आहे तुमची?"

मी स्वातीचा फोन खिडकीतून आत सरकवला, पुण्याच्या कॉलेजची यादी उघडून.

"पहिली पसंती मिळाली की घ्यावी लागते," मॅडम म्हणाल्या. "सोडली तर पुढच्या फेऱ्यांमधून बाहेर. सूचना वाचल्या नव्हत्या का?"

"चौदा पानं होती..."

"हे पहिल्याच पानावर आहे."

आप्पा खाकरले. "आर्डर आली की पोस्टिंगवर जायचं आसतंय, पोरी," ते स्वातीला म्हणाले, पण त्यांच्याही आवाजात दम नव्हता. मी मागे वळले. मामा नव्हते. बाहेर येऊन आम्ही बघतो तर मामा जीपमध्ये!

मी काचेपाशी गेले. वाटलं, आता चांगले झापणार. मामांनी काच खाली केली.

"आशे, 'मामा, तुमचं खाली टाकते' म्हनायचं न्हाई व्हय मला? मी बसलो आसतो की हितं रुसून. लय तर सांजपातूर बसलो आसतो. पोरीचं शिक्शान थोरलं का माझा रुसवा गं?"

झापलं असतं तर बरं झालं असतं.

परतीच्या वाटेवर स्वाती एकच वाक्य बोलली. "तुला माहीत नव्हतं, तर माहीत नाही म्हणायचं ना, ताई." मग थेट दिवाळीत माझ्यापुढे करंजीचं ताट सरकवून "घे" म्हणाली.

ती मामांकडे राहून सिव्हिल शिकतेय. मामांनी रस्त्याकडची खोली तिला दिली आणि तिच्या परीक्षेच्या दिवसांत ते म्हशीशीसुद्धा कुजबुजत बोलतात. वर्गात तिचा नंबर वरचा असतो. पण वहीचं ते लाल पेनाचं पान तिने फाडलेलं नाही. मी पाहिलंय.

यंदा तिच्या धाकट्या बहिणीचा, प्राजूचा फॉर्म होता. सोप्यात तीच सतरंजी, तीच माणसं. स्वातीने सगळ्या सूचना छापून, अधोरेखित करून आणल्या होत्या. तिने एक कोरा कागद घेतला आणि प्रत्येकाला आदराने विचारलं. मामा म्हणाले, "माझं न्हाई म्हनजे न्हाई!" तरी तिने त्यांचं लिहिलं. आप्पांचं लिहिलं. आत्याचं फोनवर विचारून लिहिलं. मग माझ्याकडे वळली.

"ताई, तुझं काय मत?"

मला विचारलं! इतक्या वर्षांनी! मी चांगली दहा मिनिटं जबाबदारीने बोलले. तिने वर मोकळ्या ठेवलेल्या जागेत शब्दन् शब्द लिहून घेतला, कागदाची नीट घडी घातली आणि देव्हाऱ्यात देवाच्या फोटोमागे ठेवून दिली. मग लॅपटॉप उघडून तो आमच्याकडे पाठ करून ठेवला, आणि दोघी बहिणी फॉर्म भरायला बसल्या.

"ताई, पोहे खा," स्वाती मान वर न करता म्हणाली. "गार होतील."

मामांनी हळूच जाऊन तो कागद काढला, लांब धरून वाचला आणि माझ्यापुढे केला. यादीत माझं नाव सगळ्यात वर होतं. मामांच्याही वर.

"चल, आशे," पोह्यांच्या दोन्ही बशा उचलत मामा म्हणाले, "जीपमदी जागा हाय."