‘घरून उशिरा आणले’

राही गोरिवले आमच्या आंबेकोंडच्या आरोग्य केंद्रात पहिल्यांदा आली ती डोलीतून. साल ब्याऐंशी, वैशाख. नवरा महिपत मुंबईला गोदीत होता. सासू आणि दीर तिला घेऊन आले, तेव्हा मी औषधांच्या खोलीची खिडकी नुकतीच उघडत होतो. म्हणजे सकाळचे आठ. मी तिथला कंपाउंडर, भास्कर.

डॉक्टर मीटिंगला रत्नागिरीला गेले होते. नर्स लीलाबाईंनी राहीला टेबलावर घेतलं, पाहिलं आणि म्हणाल्या, “पहिलटकरीण आहे. दुपारपर्यंत काही होत नाही.”

अकराच्या सुमाराला राही ओरडायला लागली. लीलाबाईंनी तिच्या मांडीवर सणसणीत चापट मारली. “नवऱ्याजवळ जाताना ओरडली होतीस का?” मग त्या मागच्या क्वार्टरमध्ये जेवायला गेल्या आणि आडव्या झाल्या.

सासू दोनदा माझ्या खिडकीशी आली. “भाऊ, बाईंना बोलवा हो.” मी एकदा जाऊन दार वाजवलं. आतून “आले” एवढंच ऐकू आलं. दुसऱ्यांदा मी गेलो नाही.

मुलगा झाला तेव्हा गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे होते. जवळ फक्त सासू, तिला काय करावं ते सुचेना. लीलाबाई पदराला हात पुसत आल्या तोवर पोर निळं पडलं होतं. रजिस्टरात त्यांनी लिहिलं, ‘घरून उशिरा आणले. मूल मृत.’ महिन्याच्या अहवालात तेच वाक्य मी माझ्या अक्षरात उतरवलं.

ते वाक्य वाडीत पोचलं. महिपतचं पत्र आलं, “वेळेवर का नेलं नाही?” वर्षभरात सासूसुद्धा म्हणू लागली की आपणच उशीर केला असेल. राहीला मात्र पक्कं ठाऊक होतं. ती माहेरी गेली, राहिलेली दहावी दिली आणि रत्नागिरीला नर्सिंगच्या कोर्सला बसली. मुलाखतीत तिने सांगितलं, बायकांची सेवा करायची आहे. “चक्क खोटं बोलले,” ती पुढे मला म्हणाली. “मला त्या बाईच्या उरावर बसायचं होतं.”

पहिली नेमणूक मंडणगडला झाली. आमच्या आडगावात कोणी यायला राजी नसे; हिने अर्जावर अर्ज करून बदली मागून घेतली. सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये पांढऱ्या साडीत ती लीलाबाईंसमोर उभी राहिली.

“कुठली गो तू?”

“इथलीच.”

लीलाबाईंनी ओळखलं नाही. मी ओळखलं. दुपारी ती खिडकीशी आली. “भास्करभाऊ, ओळखलंत ना? मग गप्प राहा. ते तुम्हाला जमतं.”

तिने एकदाही भांडण काढलं नाही. लीलाबाईंचा चहा केला, सुया उकळल्या, पायाळू मूल कसं काढायचं तेही त्यांच्याकडूनच शिकून घेतलं. प्रसूतीच्या खोलीत स्वतःचं घड्याळ लावलं. बाळंतपणाला कोणी आली की केसपेपरवर वेळ टाकायची आणि सोबत आलेल्या माणसाचा त्याखाली अंगठा घ्यायची. “पोरगी कामाची आहे,” म्हणत लीलाबाई अधिकच निवांत झोपू लागल्या. राहीने झोपू दिलं. फक्त दर वेळी हाक मारायची आणि हाक मारल्याची वेळही लिहायची.

पुढच्या वर्षी श्रावणात, डॉक्टर रजेवर असताना, धनगरवाडीची गोदा आली. मूल पायाळू होतं. राहीने मला क्वार्टरकडे पिटाळलं. या खेपेस मी तीनदा दार वाजवलं. दार उघडलं नाही. परत आलो तर मुलाचे पाय बाहेर आले होते आणि राही नुसती उभी होती, हात अर्धवट पुढे केलेले. किती वेळ, कोण जाणे. मला तो फार वाटला.

“हे पोर गेलं असतं तर लीलाबाईची नोकरी कायमची जात होती,” ती नंतर म्हणाली. “मनात आलं तसं. लपवत नाय.”

मग गोदा किंचाळली, “बाय गो, सोडू नको मला!” आणि राहीचे हात हलले. पोरगी बाहेर आली, गप्प होती, मग रडली. गोदाला मात्र रक्तस्राव फार झाला. तिला जीपने रत्नागिरीला हलवावं लागलं. लीलाबाई उठून आल्या आणि त्यांनी रजिस्टरात लिहिलं, ‘घरून उशिरा आणले.’

आठवड्याने जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले, तेव्हा ओसरीवर राहीने बोलावलेल्या चौदा बाया बसल्या होत्या, कडेवर पोरं घेऊन. काहींची कडेवर नव्हती. राहीने केसपेपर साहेबांपुढे ठेवले आणि माझ्याकडे वळली. “आता उघडा तोंड.”

मी बोललो. ब्याऐंशीचंही बोललो, सहा वर्षं उशिरा.

लीलाबाईंची दूरच्या तालुक्यात बदली झाली. बस एवढंच. त्या निघाल्या त्या दिवशी राही एसटीच्या थांब्यावर गेली. “ब्याऐंशीच्या वैशाखात माझा मुलगा तुमच्यामुळे गेला. आठ वाजता आले होते मी.”

लीलाबाईंनी पिशवी उचलली. “तेव्हा किती यायच्या गो. मला नाही आठवत.”

गाडी सुटली. राही तिथेच उभी. मला वाटलं, आता रडेल. “वाटलेलं पोट भरेल,” ती म्हणाली. “नाय भरलं.”

एकोणनव्वदला तिने पुन्हा बदली मागितली, लीलाबाई होत्या त्याच केंद्रात. मी म्हटलं, “सोड आता. झालं ते झालं.”

“तिथल्या बायकांना काय ठाऊक, त्यांच्याकडे कोण आलंय ते?”

ती तिथे हजर झाल्यावर दोन महिन्यांत लीलाबाईंनी राजीनामा दिला. राही तिथेच राहिली. तिच्या हाताखाली आलेल्या नव्या मुली सांगत, राहीबाई प्रेमळ नाहीत, हसत नाहीत; पण टेबलावर बाई असली की जेवायला उठत नाहीत.