अर्धलीनं दिलेले आबा

केंदूरच्या सोमाआबांनी आयुष्यात काहीच पुरतं दिलं नाही. मेंढरंसुद्धा अर्धलीनं: मेंढी आबांची, चारापाणी पाळणाऱ्याचं, कोकरं निम्मी-निम्मी. अर्ध्या शिरूर तालुक्यात त्यांची निम्मी मेंढरं होती आणि उरलेल्या तालुक्यात उरलेली. खोटं वाटत असेल तर मोजून या.

म्हातारपणी लघवीच्या जंतुसंसर्गानं त्यांना गाठलं. ताप असा, की पाठीवर भाकरी भाजावी. गोळ्या इतक्या झाल्या, की कूस बदलताना आबा खुळखुळ्यासारखे वाजायचे. जंतू मात्र त्याच गोळ्यांवर बाळसं धरत होते. मी त्यांचा पुतण्या, कुरकुंभला औषधाच्या कंपनीत खोकी भरतो. तेव्हा घराण्याचा डॉक्टर मीच. मीच त्यांना पुण्याला नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की मूत्राशयाच्या अस्तराचा कण घेऊन बशीत वाढवू, मोहरीएवढी जिवंत मूत्राशयं होतील, त्यांत तुमचेच जंतू सोडून कुठलं औषध लागू पडतं ते बघू. हे संशोधन आहे, तुम्हाला उपयोग होईलच असं नाही, हेही सांगितलं. आबांनी माझ्याकडं पाहिलं. मला ओ की ठो कळलं नव्हतं, म्हणून मी जोरात मान हलवली.

"म्हंजी बी माझं, चारापाणी तुमचं," आबा म्हणाले. "मग वाढलं की निम्मं माझं. रीत हाय."

"घरी नेऊन काय करणार, आबा?"

"ते माझं मी बघीन. बशी तुमची तुम्हाला ऱ्हाऊ द्या."

बाई माझ्याकडं बघायला लागल्या, मी पंख्याकडं. शेवटी, जे कळेल ते सगळं कळवू, असं त्यांनी कबूल केलं. आबांनी अंगठा उठवला. "सगळं नगं. निम्मं बास." गावात येऊन सांगितलं, की पुण्यात आपलं दुसरं बिऱ्हाड वाढतंय. चुलतीनं त्या रात्री कालवणात मीठच घातलं नाही.

उत्तर यायच्या आत ताप पुन्हा चढला आणि आबा गेले.

दहावा झाल्यावर बाईंचा फोन आला. दोन औषधं एकत्र दिल्यावर बशीतले जंतू हटले होते. आबांची ती मोहरीएवढी मूत्राशयं तगून होती. आता हे चुलतीला कसं सांगायचं? माणूस गेला आणि मूत्राशय बरं झालं. दुखवटा पुरता पाळायचा की निम्मा? मी नुसताच हां-हूं करत राहिलो. चुलतीनं फोन काढून घेतला.

"बाई, त्येंचं दुखायचं थांबलं का?"

फोनमधून बाईंचा आवाज आला, "हो आजी, थांबलं."

कोणाचं, ते चुलतीनं विचारलं नाही. मीही नाही.