आत दुमडलेलं पान

कोल्हापूरच्या एसटीत रोज दिसणारे ते म्हातारे गृहस्थ स्वतःच सुरू केलेलं साप्ताहिक वाचायचे. मी घरातला पहिला पदवीधर झालो, तेव्हा माझा फोटो त्यांनीच छापला होता. आभार मानायचे राहूनच गेले होते.

त्या दिवशी त्यांनी पहिलं पान आत दुमडलं होतं. शेजारच्या बाईंनी गढूळ पाण्याची बाटली पुढं केली.

"काय वो संपादक, आमच्या गल्लीच्या पाण्याची बातमी कुठं हाय?"

"त्या जागी नगरसेवक साहेबांच्या वाढदिवसाची जाहिरात आली, अक्का. त्यावरच अंक निघतो."

"नळाला पाणी सोडतंय कोण? तुमचं साहेबच की! घ्या, प्या आता."

त्यांनी खरंच बाटली उघडली आणि दोन घोट प्यायले.

माझ्या पिशवीत स्वच्छ पाणी होतं. बाईंच्या त्या गढूळ बाटलीसमोर ते पुढं करायचीही मला लाज वाटली.