अर्धा मिलिमीटर जास्त

आमच्या घरात मोटारसायकल एकच होती आणि ती बाबांची होती. आठवडाभर ती बँकेत जायची. रविवारी माझा धाकटा भाऊ तिला शर्यतीची गाडी समजायचा. शनिवारी बँक अर्धा दिवस असे, त्यामुळे दुपारीच लखनौच्या इंदिरा नगरमधल्या घराच्या मागच्या अंगणात तिचे आरसे, इंडिकेटर, मडगार्ड आणि कॅरियर उतरायचं. रविवारी संध्याकाळी सगळं परत चढवावं लागे, कारण सोमवारी बाबा डबा कॅरियरलाच लावत.

गाडी शंभर सीसीची, टू-स्ट्रोक, वयाने बरीच. हौशी लोकांच्या शर्यतीत इंजिनात ढवळाढवळ करायला बंदी होती. मग करण्यासारखं एवढंच उरायचं, की पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी नेमकी कधी पाडायची. ठिणगीचं काम माझ्याकडे होतं. प्लग काढून त्या भोकातून आईची विणायची सुई आत सोडायची, ती पिस्टनच्या डोक्यावर टेकते. सुईवर नेलपॉलिशची खूण. भाऊ फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, हाताने हळूहळू फिरवणार, सुई वर येणार, आणि खूण भोकाच्या कडेला आली की त्याच क्षणी ठिणगी पाडणारे पॉइंट उघडायला हवेत. पॉइंट उघडलेले डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून त्यांच्या फटीत सिगारेटचा पातळ कागद धरून अलगद ओढत राहायचं. कागद सुटला की पॉइंट उघडले. भावाच्या हातात कागद फाटायचा. त्याला एकूणच धीर नव्हता. अंगणात सांडलेली तंबाखू पाहून आईने पहिल्यांदा माझ्याकडेच रोखून बघितलं होतं.

पेट्रोलचं गणित प्लगच्या रंगावरून कळे. कॉलनीच्या मागे नुसतीच आखलेली, घरं न झालेली मोकळी सडक होती. तिथे भाऊ पूर्ण वेगात गाडी पळवून एकदम बंद करी आणि आम्ही प्लग काढून बघत असू. बिस्किटासारखा रंग आला तर ठीक. काळा आला तर पेट्रोल जास्त, गाडी मंद. पांढरा पडला तर पेट्रोल कमी, आणि तसंच दामटलं तर इंजिन भर वेगात जाम होऊन स्वार रस्त्यावर. थंडीत हवा दाट होते म्हणून पुन्हा सगळं बदलायचं. लखनौच्या थंडीत गार लोखंडी पाने धरून माझी बोटं बधिर व्हायची, पण खरं सांगायचं तर मला त्यात मजा वाटे.

भाऊ दुसरा पुष्कळदा आला. पहिला कधीच नाही.

मग बाबांची पुण्याला बदली झाली. मी शाळेतली नोकरी सोडून आईबाबांबरोबर जाणार होते, भाऊ शिकायला लखनौलाच राहणार होता. एवढी जुनी गाडी काही पुण्याला न्यायची नव्हती. भावाला ती हवी होती आणि मागायची लाज वाटत होती. ते बाबांना कळलंच.

“एकदा पहिला येऊन दाखव,” बाबा म्हणाले. “गाडी तुझी. नाही आलास तर विकणार.”

“पक्का?” आम्ही मराठीत बोलायचो आणि भाऊ हिंदीत उत्तरं द्यायचा.

“मी कधी कच्चं बोलतो का?”

ते खरंच होतं. बाबा गल्लीतल्या लहान मुलालाही दिलेला शब्द पाळत, त्यामुळे घरात त्यांच्याकडून शब्द घेताना आम्ही घाबरायचो.

शर्यत शहराबाहेरच्या एका पडीक धावपट्टीवर होती. वळणांवर टायरांचे ढीग आणि पुआलाचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, भारे. बाबा बसने आले, कानटोपी घालून कडेला उभे राहिले आणि भाऊ पहिला आला तेव्हा टोपी काढून चक्क ओरडले. मी त्यांना असं ओरडताना कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या आलेल्याचं इंजिन उघडून तपासायची रीत होती. तपासणाऱ्याने सिलिंडरचं तोंड मोजलं, पुन्हा मोजलं, आणि म्हणाला, “आधा मिलीमीटर ज़्यादा है.”

झालं होतं असं. सिलिंडर झिजला की कारागीर तो आतून किंचित कातून मोठा करतात आणि त्यात मोठा पिस्टन घालतात. याला बोअर करणं म्हणतात. बाबांनी ते काही वर्षांपूर्वी आलमबागच्या एका वर्कशॉपमध्ये करून घेतलं होतं. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं. पण त्यामुळे शंभर सीसीची गाडी शंभराच्या केसभर पुढे गेली, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आमच्या लेखी बोअर करणं म्हणजे चष्म्याचा नंबर बदलणं. त्याने काही कुणी तरुण होत नाही.

“भाईसाहब, ये मरम्मत है,” बाबा म्हणाले. “इसमें चोरी कुछ नहीं है.”

“बात आपकी सही है, अंकल. पर सौ माने सौ.”

बँकेत जन्मभर हेच वाक्य लोकांना ऐकवलेल्या बाबांनी कानटोपी परत चढवली. भावाचा नंबर गेला.

घरी आल्यावर बाबा चाचरत म्हणाले, “गाडी ठेव तू.”

“शर्त तो मैं हार गया न, बाबा.”

“अरे, पण—”

“आप ही ने सिखाया है.”

मला दोघांचाही सणसणीत राग आला.

मग गिऱ्हाइकं यायला लागली. तिकडे जुनी गाडी घेणारा पहिला प्रश्न विचारतो, इंजन खुला है क्या? आणि जग उत्तर देतं, अजी नहीं. बाबा उत्साहाने सांगत, “कई बार खुला है. बोर भी हुआ है. सायलेन्सर को वेल्डिंग किया है. ठंडी में बहुत नखरे करता है.” गिऱ्हाईक चहा पिऊन निघून जाई. आई म्हणाली, “असं कुणी विकतं का?” बाबा म्हणाले, “मग खोटं सांगू?” त्यांचा डाव तेव्हा माझ्या लक्षात आला. शब्द न मोडता गाडी घरात ठेवायची ही एकच वाट त्यांना सापडली होती.

निघायचे दिवस जवळ आले आणि एक दूधवाला आला. त्याने सगळी यादी शांतपणे ऐकली, खाली वाकून सायलेन्सरचं वेल्डिंग बघितलं आणि हात जोडले.

“बाबूजी, इतना सच आजकल कौन बोलता है! अब तो आपसे ही लेंगे.”

बाबांचा चेहरा पडला. भाऊ नळापाशी चेन धूत होता, त्याचे हात थांबले.

“वो... बिक गया,” बाबा म्हणाले.

“अभी तो दिखा रहे थे! किसको बेच दी?”

बाबा गाडीची सीट हाताने पुसायला लागले. कान लालबुंद झाले.

“मुझे,” मी म्हणाले.

“आपको, दीदी?”

“हाँ, भैया. कल ही बात हुई.”

दूधवाल्याने आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि सायकल वळवली.

“तुला कशाला गाडी?” तो गेल्यावर बाबांनी विचारलं.

“ह्याला चालवायला देणार. माझी त्याच्याशी काही अट नाही.”

भावाने चेन बादलीत टाकली. शर्यत गेली तेव्हा डोळ्यांतून टिपूस न काढलेला तो घोडा हमसून हमसून रडायला लागला. बाबांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं. ते आत गेले आणि गाडीचे कागद आणि पेन घेऊन बाहेर आले.

“इथे सही कर,” ते मला म्हणाले. “लवकर कर. तो माणूस कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत. म्हणजे मी खोटं बोललो असं व्हायचं नाही.”